वैतरणेचं पाणी आणि बत्ताशांची पुडी

नाना रिकामे झाले की आमच्या घरात सगळे सावध होतात. दसरा-दिवाळीचा झेंडू उरकलेला असतो, शेवंतीला अजून अवकाश असतो, मळ्यात मेथी, कोथिंबीर आणि चार उरलीसुरली फुलं. मग हा माणूस चालू असलेला पंप दुरुस्त करायला घेतो आणि तो बंद पाडूनच उठतो. यंदा त्यांची नजर माझ्या कयाकवर गेली.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी रोहिणी, राहते गंगापूर रोडला, पोटासाठी ऑफिसात बसते आणि सुट्टीच्या दिवशी कयाक चालवते. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी. माझे आईवडील मखमलाबादला मळ्यात राहतात. नाना, म्हणजे माझे वडील, फुलं आणि भाजीपाला पिकवतात, पहाटे टेम्पो भरून पंचवटीच्या बाजारात नेतात, आणि आई तिथे फुलांच्या पुड्या विकते. माझ्याकडे दोन कयाक आहेत. एक माझी, एकटीची, टणक प्लास्टिकची. दुसरी हवा भरायची, दोघांची. ती मी हौसेने नवऱ्यासाठी घेतली होती. तो एकदा बसला, पाय आखडले म्हणाला, आणि तेव्हापासून ती आमच्या पलंगाखाली झोपून होती.

"त्या फुग्याच्या होडीत आम्हाला बसव की," नाना म्हणाले. "तुझ्या आईला आन् मला."

"मला कशाला मधे घेता?" आई चुलीपासून ओरडली. "मला पवता येतंय का?"

"मला तरी कुठं येतंय! म्हणून तर ते जाकीट असतंय."

ठरलं. वैतरणा धरणाचं पाणी, दोन दिवस, मधली रात्र काठावर तंबूत. मनातून मी खूश होते. आईवडिलांना आपल्या आवडीच्या जागी नेता येणं, तेही ते स्वतःच्या पायाने हिंडतात तोवर, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

एकच काळजी होती. नानांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. बाजारात हे कुणाला माहीत नाही. कुणी पेढा पुढे केला तर ते "उपास आहे" म्हणतात, त्यामुळे पंचवटीत ते फार मोठे धार्मिक समजले जातात. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खुशाल जा, पण गोळी घेतली की खाणं चुकवू नका. मेहनतीने साखर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा ग्लुकोज हाताशी ठेवा. यातला "हाताशी" हा शब्द तुम्ही तरी नीट ऐका. आम्ही ऐकला नाही.

आदल्या संध्याकाळी सगळं सामान मळ्यातल्या ओट्यावर मांडलं. तंबू, सतरंज्या, छोटा स्टोव्ह, दोन पातेली, तांदूळ-डाळ, पाण्याचे कॅन, एक जादा वल्हं, होडीत शिरलेलं पाणी उपसायला प्लास्टिकचा मग. पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्या मिळतात, त्यांना ड्राय बॅग म्हणतात. पण माझा कुठल्याच पिशवीवर विश्वास नाही, म्हणून कपडे आधी साध्या प्लास्टिकमध्ये आणि मग त्या बॅगेत. शेवटी माझी लाडकी भगवी पिशवी, अडीअडचणीची. तिच्यात ग्लुकोजची पावडर, साखर तपासायचं मशीन, मलमपट्टी, टॉर्च, काडेपेटी, हवेच्या होडीला भोक पडलं तर चिकटवायचे तुकडे आणि दोरी कापायला सुरी. ही पिशवी भरताना मला नेहमी आपण फार जबाबदार आहोत असं वाटतं.

मी भरायला वाकले तशी नानांनी मला बाजूला सारलं. सामान भरणं हा त्यांचा प्रांत. चाळीस वर्षांत आपल्या टेम्पोतून एक गड्डा कोबी रस्त्यावर सांडला नाही, हे ते ओळख झाल्याबरोबर सांगतात. त्यांच्या भरलेल्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

"शेवटी उतरवायचं ते आधी भरायचं," नाना म्हणाले. "कोबी तळाला, वर टमाट्याचे क्रेट, मेथी-कोथिंबीर सगळ्यात वर. गाडी थांबली की गिऱ्हाईक आधी तिच्यावर पडतंय. आता मला सांग, ही भगवी पिशवी कवा लागंल?"

"देव करो आणि लागूच नये."

"मग घाल तळाला."

मला पटलं. खोटं कशाला सांगू, अगदी शंभर टक्के पटलं. माझ्या कयाकच्या पाठीमागे झाकणाचा एक कप्पा आहे. भगवी पिशवी त्याच्या तळाशी गेली. तिचं बक्कल नानांना पोरखेळ वाटलं, म्हणून त्यांनी वरून नायलॉनची दोरी आवळली, टेम्पोवर ताडपत्री आवळतात तशी, गुडघा टेकवून. वर स्टोव्ह, पातेली आणि तंबू.

"आता होडी उलटली तरी हालायचं नाय," हात झटकत ते म्हणाले.

आई शेजारीच, दोन दिवस तिच्या जागी बसणाऱ्या बाईसाठी, सकाळच्या बाजाराच्या पुड्या बांधत होती. तिची पद्धत वेगळी. केळीच्या पानात फुलं, दोऱ्याचे दोन वेढे आणि एक सरकगाठ. टोक ओढलं की पुडी उघडली. देवळाच्या दारात कडेवर पोर असलेल्या बाईलाही ती एका हाताने सोडता आली पाहिजे, असं तिचं म्हणणं. आमच्या सामानाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी लाइफ जॅकेट चढवून दाखवलं तेव्हा तिने फक्त त्याला बांधलेली शिट्टी वाजवून बघितली, आणि शेजारच्या मळ्यातली सगळी कुत्री उठली.

शनिवारी उजाडताना निघालो. मुंबई हायवेने घोटी, तिथून उजवीकडे वैतरणेचा रस्ता. रस्ता बरा आहे, मध्येमध्ये खड्डे आहेत, टपावर कयाक असेल तर घाई करू नका. घोटीत मिसळ खाल्ली. म्हणजे मी आणि आईने खाल्ली. मी मधेच टपावरचे पट्टे आवळायला उठले, आणि नानांनी तेवढ्यात गोळी घेतली, चहा प्यायला आणि अर्धा पाव मोडला. पाण्यावर पोट जड नको, असा त्यांनी स्वतःच शोध लावला होता. आईने टोकलं तर म्हणाले, "काठावर जाऊन खाईन की, केळी हायेत." केळी होती, हे खरं. तीही कप्प्यात होती.

गाडी लावली पांडूभाऊंच्या अंगणात. ते पाण्याच्या काठच्या वस्तीवर राहतात, मासे धरतात, आणि मी मागे दोनदा आले तेव्हापासून ओळख आहे. कुठल्याही धरणावर जाण्याआधी तिथल्या कार्यालयात विचारा आणि काठावरच्या माणसांना भेटून मगच होडी उतरवा; त्यांना ते पाणी रोजचं असतं. पांडूभाऊंनी आईवडिलांना नमस्कार केला आणि समोर बोट दाखवलं. "त्या झाडाच्या टेकाडापोत्तर जावा. दुपारनं वारं सुटतंय, त्याच्या आत काठ धरा." मी त्यांचा फोन नंबर पुन्हा एकदा तपासून घेतला.

आणि मग पहिली चकमक झाली. आईने पिशवीतून नारळ, खण, तांदूळ, झेंडू आणि बत्ताशांची एक पुडी काढली.

"गंगेची ओटी भरल्याबिगर मी पाण्यात पाय घालायची नाय."

"आई, ही वैतरणा आहे."

"पाणी म्हंजे गंगाच."

नाशिकच्या माणसाशी या मुद्द्यावर वाद घालायचा नसतो, पण माझेही नियम आहेत. पाण्यात काहीही टाकायचं नाही, नेलेलं सगळं परत आणायचं. हे मी या ब्लॉगवर इतक्या वेळा लिहिलंय की स्वतःच्या आईला सूट देणं शक्य नव्हतं. बरीच घासाघीस झाली, आणि त्यात नानांची केळी सगळेच विसरलो. होडीच्या नाकाला हळदकुंकू लावायचं, पाण्याला हात जोडायचे, नारळ आणि खण पांडूभाऊंच्या घरी द्यायचा, असं ठरलं.

"बत्तासे तरी सोडू दे. पानातच हायेत, विरघळून जातील."

"नाही."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की माझी पंचविशी-तिशी सगळी गळून पडली. तिने पुडी लाइफ जॅकेटच्या छातीवरच्या खिशात कोंबली. "मग ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. काठाला लागलो की प्रसाद वाटीन. तुला सोडून."

पहिला तास मी कधी विसरणार नाही. पाणी स्वच्छ, गार, आणि त्यात डोंगर जसेच्या तसे उतरलेले. आई पुढे, नाना मागे, दोघांची वल्ही आधी एकमेकांवर आपटत होती, मग हळूहळू लय सापडली. दोघांनी आयुष्यभर एकाच वाफ्यात दोन टोकांनी काम केलंय, ते बघताना कळत होतं. आई सुरुवातीला होडीची कड घट्ट धरून बसली होती. थोड्या वेळाने तिने एक हात सोडला आणि पाण्यात बुडवला. नाना काठाकडे बघून "इथं शेवंती काय येईल गं!" म्हणत होते. बगळे उडाले की त्यांना हाका मारत होते. मी माझी कयाक थोडी पुढे काढून मागे वळून फोटो घेतले. त्या फोटोंत दोघंही हसताहेत.

वारा लवकर सुटला. फार नाही, पण पाण्यावर सुरकुत्या आल्या, होडी तिरकी ढकलली जायला लागली. टेकाड समोर दिसत होतं, म्हणून मी वेग वाढवला आणि ओरडून सांगितलं, माझ्या मागे या. नानांचं बोलणं बंद झालंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आईच्या आलं. ती पुढे बसलेली, तिची त्यांच्याकडे पाठ. तिने नंतर सांगितलं ते असं. आधी बडबड थांबली. मग वल्हं नुसतंच पाण्यावर आपटायला लागलं. "अहो, दमलात का?" तिने विचारलं, तर मागून आवाज आला, "गप बस गं तू." लग्नाला इतकी वर्षं झाली, नाना चिडतात, आदळआपट करतात, पण आईला हे वाक्य त्यांनी कधी म्हटलेलं नाही. तेवढ्यावरून तिला कळलं.

मला ऐकू आली ती शिट्टी. लांब, एकसारखी. वळून पाहिलं तर त्यांची होडी आडवी झाली होती, नानांचं वल्हं पाण्यात पडून दूर चाललं होतं, आणि आई होडीत मागे वळून गुडघ्यांवर बसली होती. होडीत वळायचं नाही, उठायचं नाही, असं मी तिला दहा वेळा बजावलं होतं. पोहता न येणारी माझी आई शिट्टी दातात धरून वळली होती.

मी जिवाच्या आकांताने वल्हं मारत मागे गेले. जवळ गेल्यावर नानांचा चेहरा दिसला. पांढराफटक, घामाने निथळलेला, डोळे उघडे पण ओळख नसलेले. हात थरथरत होते. "ग्लुकोज!" मी ओरडले, आणि ओरडतानाच मला कळलं की ग्लुकोज माझ्या पाठीमागे आहे, झाकणाच्या आत, तंबूच्या खाली, पातेल्यांच्या खाली, नायलॉनच्या दोरीत. पाण्यावर मला त्या कप्प्यापर्यंत हातही नेता येत नाही. आणि दोरी कापायची सुरी त्याच पिशवीत. इतकी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताने तिने नानांचं जॅकेट धरलं होतं. उजव्या हाताने छातीवरच्या खिशातून पुडी काढली, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि झटका दिला. पान उघडलं. एक बत्तासा त्यांच्या ओठांत.

"चावा. अहो, चावा. गिळा आता. हां."

मग दुसरा, तिसरा. तान्ह्या पोराला भरवावं तशी एकेक घास गिळल्याची खात्री करत होती. मी माझी कयाक त्यांच्या होडीला चिकटवून दोन्ही घट्ट धरून ठेवल्या. त्या वेळी माझ्याने तेवढंच होत होतं. वारा आम्हाला हळूहळू काठाकडेच ढकलत होता, त्याचेही मी आभार मानते.

किती वेळ गेला माहीत नाही. मग नानांनी तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "माझं वल्हं कुठं हाय?"

मी रडायला लागले. आई नाही रडली. ती म्हणाली, "गेलं ते. दुसरं हाय रोहिणीकडं. तोंड उघडा."

काठाला लागलो. मी कप्पा रिकामा करून भगवी पिशवी बाहेर काढली, कारण साखर तपासायची होती आणि केळी द्यायची होती. केळी लगेच मिळाली. पिशवीची गाठ मात्र माझ्याने सुटेना. नखं मोडली, दात लावले. शेवटी नानांनी हात पुढे केला. "दे इकडं. माझी गाठ हाय."

ते झाडाला टेकून बसले होते आणि हात अजून थरथरत होते. बोट दोरीत घालायचे, ते निसटायचं. पुन्हा घालायचे. चाळीस वर्षांत न सुटलेली त्यांची गाठ. आम्ही दोघी बघत राहिलो. सुटली तेव्हा त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि तोंड फिरवलं. मशीनवर आकडा कमीच होता, पण थोड्या वेळाने पुन्हा तपासला तर चढलेला होता. मग भाकरी-चटणी काढली आणि आईने ती संपेपर्यंत त्यांना हलू दिलं नाही.

तंबू ठोकलाच नाही. पांडूभाऊंना फोन लावला. फोनची रेंज नशिबाने होती. ते आपली होडी घेऊन आले, नानांना आणि आईला तिच्यात बसवलं, आमच्या दोन्ही कयाक मागे बांधल्या आणि एक शब्द न बोलता आम्हाला परत नेलं. बोलण्याचं काम त्यांच्या बायकोने केलं. "जेवल्याबगर पाण्यात जातंय का कोन? लेकराची अक्कल हाय का नाय तुमाला?" असं नानांना सुनावत तिने नागलीची भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं. नानांनी मान खाली घालून सगळं खाल्लं. डॉक्टरांना फोन केला. रात्री पुन्हा साखर तपासा, सोमवारी येऊन भेटा, आणि आता कुणी उपाशी गोळी घेतली तर माझ्याकडे येऊ नका, असं ते म्हणाले. पांडूभाऊंकडे पैशाचा विषय काढला तर ते दोघं रागावले. आईने मळ्यातून आणलेली मेथी-कोथिंबिरीची टोपली मात्र ठेवून घेतली. ज्या घराशी आपलं काही नातं नाही, तिथे आपल्या बापासाठी अंथरूण घातलं जातं, हे मी कसं फेडणार आहे ते मला माहीत नाही.

रात्री त्यांच्याच पडवीत श्रेय कुणाचं यावर आमचं भांडणही झालं. माझं म्हणणं, मी अडवलं म्हणून बत्तासे वाचले, नाहीतर ते माशांनी खाल्ले असते. आईचं म्हणणं, गंगेनेच ते परत पाठवले, मी फक्त मधे बोलले. नाना म्हणाले, "मला लय गोड लागले. दोन-चार वर्सांनी बत्तासा खाल्ला." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच पांघरूण घेऊन झोपले.

रविवारी सकाळी साखर ठीक होती. पोटभर नाश्ता झाल्यावर नाना म्हणाले, परत एकदा बसायचंय. मी नाही म्हणणार होते. आई म्हणाली, "बसू दे. भीती घेऊन घरी कशाला जायचं?" काठाकाठाने, कमरेएवढ्या पाण्यात, एक छोटी फेरी झाली. या वेळी नाना पुढे आणि आई मागे बसली. त्र्यंबकच्या रस्त्याने दुपारपर्यंत घरी पोचलो.

तुम्ही असं काही ठरवत असाल तर माझं सांगणं एवढंच. अडचणीचं सामान होडीत नसतं, अंगावर असतं. प्रत्येकाच्या अंगावर, वेगळं. कप्प्यात दहा वस्तू असू द्या, पण शिट्टी, गोड काहीतरी, ज्याचं त्याचं औषध आणि सुरी जॅकेटच्या खिशात हवी. आणि ते सगळं थरथरत्या हाताला उघडता यायला हवं. या ब्लॉगवरची माझी सामानाची यादी बघून चार जण निघाले आहेत हे मला माहीत आहे. त्यांनी हे वाचून मग निघावं.

संध्याकाळी मळ्यातल्या ओट्यावर सामान वाळत घातलं होतं. नाना भगवी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सगळ्या वस्तू पुसून पुन्हा आत भरल्या, ग्लुकोज मात्र बाहेर ठेवलं. दोरी हातात घेतली, थोडा वेळ बोटांवर गुंडाळली, उलगडली. मग ती बाजूला ठेवली आणि ग्लुकोजची पाकिटं आईपुढे सरकवली.

"हे तू बांध," ते म्हणाले.

आईने पाकिटं फोडली. केळीचं पान, दोऱ्याचे दोन वेढे, सरकगाठ. अशा पाच-सहा पुड्या केल्या. एक टेम्पोसाठी, एक गल्ल्यासाठी, एक नानांच्या बंडीच्या खिशासाठी. पहिली तिने त्यांच्या हातात ठेवली.

"डोळे मिटा आन् डाव्या हातानं उघडा."

नानांनी डोळे मिटले, चाचपून टोक शोधलं आणि ओढलं. पुडी उघडली.

आईने ती पुन्हा बांधली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली. "परत," ती म्हणाली.

मी चहा ठेवायला उठले. उकळी येईपर्यंत बाहेरून तिचा आवाज येत होता, "परत. आता परत."